मोटर बसवलेल्या जुन्या सायकलची घरगुती डागडुजी: कोणती चालेल आणि कोणती चालणार नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चिपळूणजवळच्या तुमच्या गावी वडिलांची जुनी २८ इंची काळी सायकल आहे आणि तिला तुम्ही मागच्या चाकातच मोटर असलेला ३६ व्होल्टचा संच बसवून घेतला. आता पावसात मोटर मध्येच बंद पडते आणि उघडीप मिळाली की आपोआप सुरू होते, मागच्या चाकाचे स्पोक वरचेवर तुटतात, बॅटरी पूर्वीच्या निम्म्या अंतरात संपते, आणि ओळखीचे एक इलेक्ट्रिशियन ‘बीएमएस (बॅटरीचे संरक्षण करणारे सर्किट) काढून थेट जोडून देतो, नाहीतर खराब सेल तेवढे बदलतो’ असे म्हणत आहेत. संच बसवणारा माणूस आता सापडत नाही आणि जवळचे दुकान अशा सायकलला हात लावत नाही, तेव्हा घरच्या घरी काय करता येईल, असे तुम्ही विचारले आहे. जाता जाता तुम्ही असेही लिहिले आहे की, नव्या रिमला मागचे ब्रेक लागत नसल्यामुळे ते काढून ठेवले आहेत. माझ्या दृष्टीने तुमची खरी अडचण या शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करतो.

त्याआधी माझी भूमिका सांगतो. मी सांगलीत सायकल दुरुस्तीचे काम करतो आणि अलीकडच्या काळात त्यात मोटरच्या सायकलींची भर पडली आहे. घरगुती उपायांना मी नावे ठेवत नाही, कारण सुटा भाग मिळेपर्यंत गिऱ्हाइकाची सायकल चालती ठेवणे हा या धंद्याचाच भाग आहे. मात्र एखादी तात्पुरती दुरुस्ती करावी की करू नये हे ठरवताना ती किती दिवस टिकेल, हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिला प्रश्न असा की, ती निकामी होईल तेव्हा नेमके काय होईल. ट्यूबचे ठिगळ सुटले तर हवा जाते आणि सायकल हातात धरून चालत घरी यावे लागते. ब्रेकची दुरुस्ती उतारावर सुटली तर चालत येण्याची वेळच येत नाही. बॅटरीची दुरुस्ती बिघडते ती बहुधा घरात, चार्जिंग चालू असताना आणि माणसे झोपेत असताना. तुमच्या प्रत्येक उपप्रश्नाचे उत्तर मी याच कसोटीवर देणार आहे.

सायकल मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतील. मोटरचा ड्रम लहान असून चाक हाताने पुढे फिरवल्यास मोकळे फिरत असेल, तर ती आत दातेरी चाके असलेली मोटर आहे; ड्रम मोठा असून चाक थोडे अडत फिरत असेल, तर ती थेट फिरणारी मोटर आहे. बॅटरी लिथियम-आयनची आहे असे मी धरून चालतो, कारण ३६ व्होल्टच्या संचांत आता तीच सर्रास येते; पण तुमच्या पेटीत १२ व्होल्टच्या तीन लेड-अॅसिड बॅटऱ्या असतील, तर बॅटरीविषयी पुढे जे लिहिले आहे ते तुम्हाला लागू होणार नाही. तुम्ही सायकलवर किती ओझे वाहता आणि रस्त्यात किती चढ-उतार आहेत, यावरही बरेच काही ठरेल.

आता ब्रेक. जुन्या सायकलचे रॉड ब्रेक रिमच्या कडेला घासत नाहीत. त्यांचे रबर रिमच्या आतल्या, हबकडे (चाकाच्या मधल्या भागाकडे) तोंड असलेल्या बाजूवर वर ओढले जाते, आणि त्यासाठी त्या रिमला तशी सपाट पट्टी ठेवलेली असते. तुमच्या संचाची रिम बहुधा ७००सी मापाची आहे. टायर जेथे बसतो तेथील तिचा व्यास ६२२ मिलिमीटर असतो, तर जुन्या २८ बाय दीड इंची रिमचा ६३५ असतो. म्हणजे रिमची कड साडेसहा मिलिमीटर आत गेली, आणि शिवाय तिची आतली बाजू निमुळती असल्यामुळे रबर थेट निपलांवर, म्हणजे स्पोक रिमला आवळणाऱ्या लहान नटांवर, आपटते. यावर रबराखाली लाकडी तुकडा किंवा टायरचा तुकडा घालून ब्रेक लागता करण्याचा प्रयत्न लोक करतात. तो करू नका. तो तुकडा निसटून स्पोकमध्ये अडकला की चाक जागीच थांबते.

पुढचा रॉड ब्रेक तुम्ही तसाच ठेवला असणार आणि पुढची रिम क्रोम चढवलेली लोखंडी असणार. अशी रिम ओली झाली की रबर तिच्यावरून नुसते घसरते आणि सायकल थांबायला कोरड्या दिवसाच्या कितीतरी पट अंतर लागते. सायकलचे वजन वीस किलोच्या आसपास, त्यात संचाचे सहा-आठ किलो, वर माणूस, आणि कोकणातला पावसाळी उतार. अशा वेळी केवळ पुढच्या ओल्या रिमवर भिस्त ठेवणे मला मान्य नाही. आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसावी. संचासोबत ब्रेकच्या ज्या मुठी येतात, त्यांत एक लहानसा स्विच असतो आणि मूठ दाबताच तो मोटर बंद करतो. रॉड ब्रेकच्या मुठी वेगळ्या असल्यामुळे संचातल्या मुठी तुमच्याकडे बसवल्याच नसतील. म्हणजे आज तुम्ही ब्रेक दाबला तरी मोटर चालूच राहते.

उपाय घरगुती आहे, पण तात्पुरता नाही. मागच्या दोन वरच्या नळ्यांना जोडणारा जो लहान आडवा पूल असतो, जेथे मडगार्ड बांधलेले असते, त्याला बहुतेक सायकलींत भोक असते. त्या भोकात लांब हातांचा कॅलिपर ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारा ब्रेक, बसवता येतो आणि तो संचासोबत आलेल्या मुठीला तारेने जोडता येतो, म्हणजे ब्रेकही मिळतो आणि मोटर बंद करणारा स्विचही कामाला येतो. जुन्या हँडलवर रॉडच्या गर्दीत मूठ बसत नसेल तर हँडल बदलावे लागेल. तो खर्च करावा. मात्र ब्रेकची आतली तार कोठे एक-दोन पदर तुटून कुरतडली गेलेली दिसली, तर तिला गाठ मारणे, डाग देऊन जोडणे किंवा पक्कडीने दाबून पुढे वापरणे, यांतले काहीही करू नये. तार स्वस्त असते आणि ती नेहमी सर्वांत जोराने ब्रेक दाबल्याच्या क्षणीच तुटते.

दुसरी जागा मागच्या एक्सलची, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याची. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने एक्सल उलट्या दिशेने फिरू पाहतो. त्याला अडवतात त्या फ्रेमच्या खाचा आणि एक्सलच्या दोन चपट्या बाजू. नट थोडा जरी सैल झाला, तर एक्सल खाचेत डुलू लागतो, खाच रुंदावते आणि एके दिवशी एक्सल गर्रकन फिरून मोटरची केबल पिळून तोडतो. जुन्या सायकलची फ्रेम पोलादी असल्यामुळे तुम्ही नशीबवान आहात. अॅल्युमिनियमच्या खाचा न वाकता एकदम फुटतात. नटाजवळ खाचेच्या कडा चमकदार घासलेल्या दिसतात का, आणि एक्सलवर मार्करने मारलेली रेघ चार दिवसांनी जागेवरून सरकते का, हे पाहा.

येथे एक जुगाड मी निःसंकोचपणे सुचवतो. अशा बहुतेक मोटरींच्या एक्सलची चपटी रुंदी १० मिलिमीटर असते आणि घडीव पोलादाचा दहा नंबरचा उघड्या तोंडाचा पाना तिच्यावर घट्ट बसतो. पाना आधी एक्सलवर बसवून पाहा. हाताने हलवल्यावर तो खुळखुळत असेल तर त्याचा उपयोग नाही. घट्ट बसत असेल तर त्याची दांडी फ्रेमच्या मागच्या खालच्या नळीला समांतर ठेवून दोन पोलादी होज क्लिपांनी आवळून बांधा, आणि नळीचा रंग जाऊ नये म्हणून मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी घाला. बाजारात यासाठी तयार पट्टी मिळते. ती करते तेच काम हा पाना करतो. पाना घसरला तरी नट आपल्या जागी असतातच, शिवाय आवाज आणि खुळखुळ यांतून तो आधी सूचना देतो. ओतीव लोखंडाचा स्वस्त पाना मात्र वापरू नये, तो एकाएकी तडकतो.

स्पोक वरचेवर तुटण्यामागे बहुतेकांना वाटते तसे मोटरचा ‘जादा जोर’ हे कारण नसते. स्पोक ओढल्यामुळे तुटत नाही. सैल असल्यामुळे तुटतो. चाकाच्या प्रत्येक फेरीत खाली आलेला स्पोक किंचित ढिला होतो आणि वर जाताना पुन्हा ताणला जातो. मुळात ताण पुरेसा असेल तर हा फरक त्याला जाणवत नाही. ताण कमी असेल तर तो प्रत्येक फेरीला वाकतो आणि सरळ होतो, आणि तार सतत वाकवली की ती तुटते हे आपण सर्व जाणतो. एक स्पोक गेला की त्याचे ओझे शेजाऱ्यांवर पडते. खाटेची एक नवार तुटल्यावर बाजूच्या नवारी जशा झोळ धरतात, तसेच हे आहे. म्हणून तुम्ही केवळ तुटलेला स्पोक बदलत राहिलात, तर पुढचा स्पोक कोणता तुटणार तेवढेच काय ते बदलत राहील.

तुटलेल्या तुकड्यांकडे नीट पाहा, कारण तुटण्याची जागा कारण सांगते. हबजवळच्या वाकणाशी तुटत असतील, तर एक तर ताण कमी आहे किंवा मोटरच्या कडेची भोके स्पोकच्या मानाने मोठी आहेत. मोटरची भोके पुष्कळदा १२ गेजच्या, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर जाडीच्या स्पोकसाठी पाडलेली असतात आणि आपल्याकडे सहज मिळतो तो १४ गेजचा, म्हणजे दोन मिलिमीटरचा. अशा वेळी स्पोकच्या डोक्याखाली पितळेचा बारीक वायसर घातला की वाकण कडेला टेकून बसते. निपलशी, म्हणजे आट्यांजवळ तुटत असतील तर कारण निराळे आहे. मोटरचा ड्रम मोठा असल्यामुळे स्पोक आखूड असतात, आणि साध्या हबप्रमाणे ते तीनदा एकमेकांवरून नेले तर रिमपाशी तिरके शिरतात व निपलाच्या तोंडाशी वाकतात. असे चाक एकदाच फुली पडेल अशा पद्धतीने पुन्हा विणून घेतले पाहिजे. ते काम घरी करण्यासारखे नाही, पण ते करणारे साधे सायकलवालेही आहेत, कारण त्यात विजेचा संबंध येत नाही. केबल सांभाळून चाक त्यांच्या हाती द्यावे.

घरी करता येण्याजोगे काम म्हणजे ताण सारखा करणे. आधी बॅटरीची जोडणी सोडवा, कारण चाकात बोटे असताना थ्रॉटलला, म्हणजे मोटर चालवण्याच्या पिळायच्या मुठीला, धक्का लागणे महागात पडेल. सायकल उलटी उभी करा, एकाच बाजूचे स्पोक बोटाने छेडत जा आणि आवाज ऐका. ज्यांचा आवाज बद्द येतो ते सैल. निपल टायरच्या बाजूने पाहिले असता घड्याळाच्या दिशेने फिरवले की स्पोक आवळला जातो. एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नका. चाकाचा आउट, म्हणजे डावी-उजवीकडची वळवळ, काढण्यासाठी तुमच्याकडे मागचे ब्रेकचे रबर नाही, म्हणून मागच्या नळीला एक केबल टाय बांधून त्याचे टोक रिमपासून एक-दोन मिलिमीटरवर येईल असे कापा. रिम जेथे टोकाला घासेल तेथे समोरच्या बाजूचे स्पोक थोडे आवळायचे आणि घासणाऱ्या बाजूचे तेवढेच सोडायचे. हे काम घाई न करता केले तर कोणालाही जमते.

रस्त्यात स्पोक तुटला आणि तो फ्रीव्हीलच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाच्या, बाजूचा असला, तर फ्रीव्हील काढल्याशिवाय नवा घालता येत नाही. त्यासाठी आमच्या धंद्यातली युक्ती अशी आहे की, थोडा लांब स्पोक घेऊन त्याचे डोके कापायचे आणि ते टोक पक्कडीने इंग्रजी झेडच्या आकाराचे वाकवायचे. मग ते भोकात बाहेरून अडकवता येते आणि जुन्याच निपलात आवळता येते. हा आकडा हळूहळू सरळ होत जातो, एकदम सुटत नाही, त्यामुळे घरी पोहोचण्यापुरता तो चालतो. जवळ तेही नसेल तर तुटलेला स्पोक शेजारच्या स्पोकभोवती गुंडाळावा, म्हणजे तो केबलमध्ये अडकणार नाही, मोटर बंद ठेवावी आणि उतरून चालावे.

पावसात मोटर बंद पडण्याचे कारण शोधताना मी महागड्या भागापासून सुरुवात करत नाही. कंट्रोलर, म्हणजे मोटरला बेताने वीज सोडणारी पेटी, जळला असता तर ऊन पडल्यावर तो बरा झाला नसता. वाळल्यावर चालते याचा अर्थ कोठेतरी ओल दोन टोकांना जोडते आहे. माझा पहिला संशय ब्रेकच्या त्या न वापरलेल्या जोडण्यांवर आहे. संचातल्या मुठी बसवलेल्या नसतील, तर कंट्रोलरमधून आलेली त्यांची टोके उघडीच लोंबत असणार. त्यांत पाणी शिरले की कंट्रोलरला ब्रेक दाबल्यासारखे वाटते आणि तो मोटर बंद करतो. ती टोके शोधा, पुसून पंख्याखाली पूर्ण वाळवा आणि त्यांवर उष्णतेने आवळणारी नळी चढवून तिचे तोंड बंद करा. मुठी बसवल्या असतील तर त्यांच्या जोडण्या एकेक करून सुट्या करा. सुटी केल्यावर मोटर चालली, तर दोष त्याच मुठीत आहे. असे सुटे ठेवून घरापर्यंत यावे, त्याहून जास्त काळ चालवू नये.

दुसरा संशय थ्रॉटलवर. त्यात एक चुंबक आणि एक संवेदक असतो. त्याच्या लाल आणि काळ्या तारेमध्ये सुमारे ५ व्होल्ट मिळायला हवेत. तिसऱ्या तारेवर मूठ सोडलेली असताना एक व्होल्टच्या आतबाहेर आणि पूर्ण पिळल्यावर चारच्या जवळपास. हात न लावता हा आकडा वर-खाली होत असेल तर थ्रॉटलमध्ये पाणी आहे, आणि हा दोष मी गंभीर मानतो, कारण येथे मोटर बंद पडण्याऐवजी आपोआप सुरू होऊ शकते. तशा वेळी थ्रॉटलची जोडणी सोडवून फक्त पॅडल मारल्यावर मिळणाऱ्या मदतीवर सायकल चालवावी. मोटर बंद न पडता थरथरत असेल किंवा सुरू होताना अडखळत असेल, तर मात्र दोष एक्सलमधून बाहेर येणाऱ्या केबलमध्ये शोधावा.

पाणी मुळात आत जाऊ नये यासाठी दोन साध्या गोष्टी पुरतात. प्रत्येक केबल जोडणीत किंवा पेटीत शिरण्यापूर्वी थोडी खाली झोळ घेऊन मग वर जाईल अशी बांधा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. जोडण्यांत विजेसाठीचे सिलिकॉन ग्रीस भरा. ते ओल बाहेर ठेवते आणि पितळी टोके हिरवी पडू देत नाही. काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवणे हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे, पण उन्हात तिचा डिंक वितळतो आणि पावसात त्याच थरांमध्ये पाणी साठून राहते. कंट्रोलरभोवती प्लास्टिकची पिशवी बांधायची असेल तर तोंड खाली ठेवा आणि ते उघडेच राहू द्या. घट्ट बांधलेल्या पिशवीत आतल्या उष्णतेने बाष्प धरते. तुटलेली तार जोडताना नुसत्या पिळाला डाग देऊन सोडू नका, कारण डाग जेथे संपतो तेथे तार ताठर होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते; जोडाच्या दोन्ही बाजूंना केबल फ्रेमला बांधून टाकली पाहिजे.

ट्यूबबद्दल फार लिहीत नाही, कारण तेथे घरगुती उपाय भरपूर आहेत आणि चुकले तरी फार बिघडत नाही. मोटरचे चाक पंक्चरसाठी काढण्याची गरज नाही. टायरची एक बाजू उतरवून ट्यूब तेवढी बाहेर ओढा आणि जागच्या जागी ठिगळ लावा. पॉलिश पेपरने घासल्यावर सोल्यूशन लावून ते हाताला चिकटणार नाही इतके वाळू द्या, मगच ठिगळ दाबा. बहुतेक घरगुती पंक्चर येथेच फसतात. झटपट चिकटणारा गोंद ट्यूबला लावू नये, तो काचेसारखा कडक होतो आणि रबर वाकले की तडकतो. बाभळीचा काटा शोधताना टायरच्या आतून बोट न फिरवता कापसाचा बोळा फिरवा. तो अडकेल तेथे काटा. टायर चिरला असेल तर आतून जुन्या टायरच्या बाजूचा तुकडा किंवा चार घड्या घातलेली दुधाची पिशवी बसवली की ट्यूब चिरेतून फुगून बाहेर येत नाही. हा तुकडा मागच्या चाकात काही दिवस चालेल, पुढच्या चाकात त्यावर उतार उतरू नका.

आता बॅटरी, आणि येथे माझे उत्तर सर्वांत ठाम आहे. ३६ व्होल्टच्या नेहमीच्या बॅटरीत सेलचे दहा गट एकामागे एक जोडलेले असतात. प्रत्येक गट पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, म्हणजे सर्व मिळून ४२. आणि कंट्रोलर सुमारे ३० ते ३१ व्होल्टवर पुरवठा तोडतो. बीएमएस प्रत्येक गटावर स्वतंत्र लक्ष ठेवते. तुमची बॅटरी भरल्यावर ४२ च्या जवळ दिसत असेल आणि चढावर एकाएकी बंद पडत असेल, तर बहुधा नऊ गट ठीक असून एक गट थकला आहे, आणि बीएमएस त्या एका गटासाठी सगळ्यांना थांबवते आहे. तिने आपले काम चोख केले आहे. तिला काढून थेट जोडणी दिली तर तुम्हाला अंतर जास्त मिळेल, हे खरे. पण तो थकलेला गट शून्याकडे आणि पुढे उलट्या दिशेने ओढला जाईल. इतक्या खाली गेलेल्या सेलमध्ये आतल्या तांब्याच्या पत्र्याचा अंश विरघळतो, आणि पुन्हा चार्ज करताना तो नको तेथे साचून सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. बाहेरून काहीच दिसत नाही. न्यूयॉर्क शहरात २०२३ साली लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या आगींत १८ माणसे दगावली, आणि त्याच वर्षी त्या शहराने जुन्या बॅटऱ्यांतले सेल काढून नव्याने बांधलेल्या बॅटऱ्यांच्या विक्रीवर बंदी घातली.

‘दोन-चार सेल बदलणे’ हा त्याच रस्त्याचा दुसरा भाग आहे. नवा सेल जुन्यांच्या शेजारी बसला की त्यांची क्षमता जुळत नाही, आणि स्पॉट वेल्डिंगऐवजी साध्या सोल्डरिंग आयर्नने डाग दिला तर त्या उष्णतेने चांगला सेलही बिघडतो. तुमचे इलेक्ट्रिशियन घरातल्या वायरिंगमध्ये निष्णात असतील, त्याबद्दल मला शंका नाही. हे काम निराळे आहे. फ्यूज उडाला तर त्याजागी तारेचा तुकडा घालणे हेही याच यादीत येते. बॅटरीजवळ काम करताना अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवा. ४२ व्होल्टचा धक्का सहसा बसत नाही, पण धातूने दोन टोके जोडली गेली तर तो धातू क्षणात लालबुंद होतो.

म्हणजे बॅटरीसाठी घरी काहीच करता येत नाही, असे नाही. प्रथम चार्जर मोजा: बॅटरीला न जोडता त्याच्या टोकांवर ४२ च्या आसपास व्होल्ट मिळाले पाहिजेत, ते एक-दोन व्होल्टने कमी असतील, तर दोष बॅटरीचा नसून चार्जरचा आहे आणि तुमचे निम्मे दुखणे तेथेच संपेल. मग दहा-पंधरा मिनिटे चढावर चालवून बॅटरीच्या मुख्य जोडणीला हात लावून पाहा. ती गरम लागत असेल तर टोके सैल किंवा काळी पडली आहेत आणि व्होल्ट तेथेच वाया जात आहेत. तिसरी गोष्ट अशी की, पुष्कळशा बीएमएस गटांची पातळी अगदी शेवटी, बॅटरी भरत आल्यावर, फार थोड्या प्रवाहाने समान करतात. हिरवा दिवा लागताच चार्जर काढण्याची सवय असेल, तर एखाद्या सुटीच्या दिवशी, दिवसाउजेडी, कोणीतरी घरी जागे असताना तो आणखी काही तास जोडून ठेवा. कधी कधी यानेच गेलेले अंतर बरेचसे परत मिळते. मिळाले नाही तर मदतीची पातळी खालची ठेवून चढाला स्वतः पॅडल मारत ही बॅटरी आणखी काही काळ वापरता येईल.

बॅटरी फुगलेली असेल, गोडसर वास येत असेल, चार्ज करताना एका बाजूला जास्त तापत असेल किंवा ती कधी पुराच्या पाण्यात बुडाली असेल, तर मात्र तिला चार्जर लावूच नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर आमच्याकडे अशा वस्तू वाळवून पुन्हा वापरण्याचा मोह अनेकांना झाला. साधी सायकल धुऊन, छर्रे आणि ग्रीस बदलून उभी राहते, बॅटरी राहत नाही. तिला घराबाहेर, भिंतीपासून आणि सरपणापासून दूर ठेवा. भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा नवी घेताना जुनी परत घेणारा विक्रेता पाहा. नवी घेताना ‘४८ व्होल्टची घ्या, जोर वाढेल’ असा सल्ला हमखास मिळेल. ती पूर्ण भरल्यावर ५४.६ व्होल्ट देते, आणि ३६ व्होल्टच्या कंट्रोलरमधले कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) पुष्कळदा ५० व्होल्टपर्यंतच सोसणारे असतात, म्हणून तो सल्ला ऐकू नका.

क्रम विचारलात तर आधी मागचा ब्रेक, त्याच दिवशी एक्सलचा पाना आणि ब्रेकच्या मोकळ्या जोडण्या, मग स्पोक, आणि बॅटरीचे मोजमाप सवडीने. तोवर उतारावर सायकल हातात धरून उतरा. मागच्या आडव्या पुलातल्या भोकाच्या मध्यापासून नव्या रिमच्या कडेच्या मध्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून कळवा. ते ५७ च्या आत असेल तर नेहमीचा कॅलिपर चालेल, साधारण ७० पर्यंत असेल तर लांब हातांचा मागवावा लागेल, आणि त्याहून जास्त असेल तर पुलाला पट्टी जोडून भोक खाली घेता येते का, हे फोटो पाहिल्यावर सांगेन.